खिशांतील बहुकामी अवजार : निवड आणि वापर

एकाच अवजारानें दोन-तीन कामें उरकावयाचीं ही कल्पना मराठी घरास नवीन नाहीं. स्वयंपाकघरांतील विळी हें तिचें उत्तम उदाहरण होय. एकाच पाटावर बसविलेलें पातें भाजी चिरतें, आणि त्याच पात्याच्या टोकाची दांतेरी खवणी नारळ खवते. पातें मिटवून ठेवतां येणारी विळी ज्या कारागिरानें प्रथम घडविली, त्यानें घडीच्या चाकूचें तत्त्वच पाटावर उतरविलें. पानसुपारीचा शौक असणाऱ्या गृहस्थाच्या चंचींत अडकित्ता असे. आणि कानकोरणें, दांतकोरणें व चिमटा हीं तीन बारीक साधनें एकाच चांदीच्या कडींत ओवून जवळ बाळगण्याची चाल तर कित्येक घरांतून होती. आज शहरांतील दुकानांत ‘मल्टिटूल’ या नांवानें जें साधन विकलें जातें तें याच कुळांतील आहे. फरक एवढाच कीं, तें खिशांत मावतें आणि त्याच्या पोटांत दहा-पंधरा पातीं दडलेलीं असतात.

या साधनास मराठींत अद्याप एक रूढ नांव नाहीं. कोणी त्यास ‘स्विस चाकू’ म्हणतात, तर कोणी इंग्रजी नांवच चालू ठेवतात. प्रस्तुत विवेचनापुरतें त्यास बहुकामी अवजार म्हणणें सोयीचें होईल. ‘हत्यार’ हा शब्द येथें बुद्धिपुरस्सर टाळला आहे. सुताराची करवत हेंही हत्यार आणि मारेकऱ्याचा सुरा हेंही हत्यार. मराठींत हा शब्द दोन्हीं अर्थांनीं चालतो. नित्य खिशांत बाळगावयाच्या वस्तूच्या बाबतींत या दोन अर्थांमधील अंतर किती महत्त्वाचें आहे, हें पुढें कायद्याच्या विचारांत दिसून येईल.

या अवजाराचा इतिहास थोडक्यांत पाहण्यासारखा आहे, कारण निवडीचें मर्म त्यांतच सांपडतें. स्वित्झर्लंडमधील श्विझ प्रांतांत, इबाख या गांवीं, कार्ल एल्झनर नांवाच्या कारागिरानें 1884 सालीं चाकूंचा कारखाना काढला. त्या देशाच्या सैन्यास असा चाकू हवा होता कीं, ज्यानें शिपायास अन्नाचा डबा उघडतां यावा आणि नव्या बंदुकीचे स्क्रूही काढतां यावेत. एल्झनरनें असे चाकू 1891 मध्यें सैन्यास पुरविले. परंतु ते जड होते. पुढें त्यानें एकाच कमानीच्या दोन्हीं बाजूंस पातीं बसविण्याची युक्ति काढली आणि हलका असा ‘अधिकाऱ्याचा चाकू’ 12 जून 1897 रोजीं नोंदविला. 1909 मध्यें त्याची आई व्हिक्टोरिया निवर्तली, तेव्हां तिचें नांव त्यानें कारखान्यास दिलें; आणि 1921 मध्यें न गंजणारें पोलाद वापरांत आलें, तेव्हां त्या पोलादाचें ‘इनॉक्स’ हें नांव जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हा शब्द तयार झाला.

दुसरी शाखा अमेरिकेंत निघाली. टिम लेदरमन नांवाचा तरुण 1975 सालीं पत्नीसह जुनी मोटार घेऊन युरोपांत फिरत होता. मोटार वारंवार बिघडे, आणि उतरण्याच्या जागीं नळही गळके असत. त्याच्या खिशांत बालवीरांचा चाकू होता, पण प्रत्येक वेळीं त्यास उणीव भासे ती पकडीची. घरीं परतल्यावर त्यानें पकडीच्या दोन मुठींतच चाकू, कानस व पेचकस मिटवून ठेवण्याची रचना केली. तिचें पेटंट त्यास 1980 मध्यें मिळालें आणि विक्री 1983 मध्यें सुरू झाली. तात्पर्य, एक शाखा चाकूभोंवतीं वाढली आणि दुसरी पकडीभोंवतीं. विकत घेणारानें पहिला प्रश्न स्वतःस विचारावयाचा तो हाच : आपल्या हातास अधिक वेळां काय लागतें, पातें कीं पकड?

या प्रश्नाचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं; तें रोजच्या जीवनक्रमांतून शोधावें लागतें. उदाहरणार्थ, मुंबईचें चेंबूर हें उपनगर घ्यावें. कुर्ल्याहून येथवर एकेरी लोहमार्ग 1906 सालीं आला, 1924 पासून त्यावर उतारूंची वाहतूक सुरू झाली, आणि 1945 सालीं चेंबूर मुंबई शहरांत सामील झालें. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहती येथें उभ्या राहिल्या. पुढें आसपास ट्रॉम्बेचें अणुसंशोधन केंद्र, माहुलचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि खताचा कारखाना आला. अशा उपनगरांत यंत्रांशीं परिचय असलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. तरीही उंच इमारतींतील लहान घरांत हत्यारपेटी ठेवावयास जागा नसते. कुकरच्या दांड्याचा स्क्रू सैल झाला, चष्म्याची काडी निखळली, छत्रीची तार वाकली, पुडक्याची चिकटपट्टी निघेना, कपाटाची बिजागरी कुरकुरूं लागली, गणेशोत्सवांत आरासीची तार कापावयाची राहिली, हीं कामें प्रत्येकीं दोन मिनिटांचीं असतात. त्यांसाठीं मिस्त्री येत नाहीं. आला तरी त्याची वाट पाहण्यांत दिवस मोडतो.

म्हणून उत्तम रीत अशी कीं, खरेदीपूर्वीं आठ दिवस एका कागदावर टिपण ठेवावें. जेव्हां जेव्हां ‘हाताशीं अमुक असतें तर बरें झालें असतें’ असें वाटेल, तेव्हां तेव्हां त्या वस्तूचें नांव लिहावें. आठ दिवसांनीं त्या यादींत बहुधा चार-पांचच नांवें पुन्हां पुन्हां आलेलीं दिसतील : कात्री, लहान पातें, फुलीच्या स्क्रूचा पेचकस (ज्यास कारागीर ‘डिसमिस’ म्हणतात), चिमटा आणि पकड. जें यादींत एकदांही आलें नाहीं, त्याच्यासाठीं पैसे मोजण्याचें व त्याचें वजन वाहण्याचें कारण नाहीं. दुकानाच्या कपाटांतील तीस पात्यांचा जाड चाकू डोळ्यांस भुरळ पाडतो. पण प्रत्येक नवी पात्यांची ओळ त्याची जाडी वाढविते, मुठींत तो ओबडधोबड होतो, आणि शेवटीं तो खिशांतून टेबलाच्या खणांत जाऊन पडतो. जें अवजार गरजेच्या वेळीं घरीं राहिलें, तें कितीही गुणी असलें तरी त्या वेळेपुरतें नसल्यासारखेंच.

बाजारांतील बहुकामी अवजारांचे स्थूलमानानें तीन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविण्याच्या लहान चाकूचा. मिटलेल्या स्थितींत तो सुमारें 58 मिलिमीटर लांब आणि सुमारें दोन तोळे वजनाचा असतो. त्यांत लहान पातें, कात्री, नखांची कानस, चिमटा आणि दांतकोरणें एवढेंच असतें. कचेरींत काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांस, तसेंच वृद्धांस, बहुतेक वेळां हा पुरतो. दुसरा वर्ग 84 ते 93 मिलिमीटर लांबीच्या चाकूंचा. यांत मोठें पातें, डबा उघडण्याचें व झांकण काढण्याचें पातें, दोन-तीन पेचकस आणि टोच्या असतो, आणि साध्या प्रकारांचें वजन सुमारें 60 ग्रॅम, म्हणजे पांच तोळे भरतें. यांपैकीं काहींना बूच काढण्याचा मळसूत्री आंकडा असतो. आपल्याकडे त्याचें काम क्वचित् पडतें; परंतु ओली घट्ट गांठ सोडविण्यास तो उपयोगीं पडतो, आणि त्याच्या वळशांत चष्म्याचा अतिबारीक पेचकस बसवितां येतो. तिसरा वर्ग पकडीचा. मिटल्यावर तो सुमारें 10 सेंटिमीटर लांब असतो आणि पूर्ण आकाराच्या नमुन्याचें वजन 240 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वीस तोळे होतें. ज्याचा दिवस मोटार, सायकल, यंत्रें किंवा तारा यांच्या सहवासांत जातो, त्यासच हा भार सार्थकीं लागतो. सदऱ्याच्या खिशांत तो राहात नाहीं. त्यास कमरपट्ट्याची पिशवी लागते.

पकडीच्या बाबतींत तरफेचा नियम ध्यानांत ठेवावा. शाळेंत शिकविलेला हा नियम येथें हातांत प्रत्यक्ष येतो. जबड्याचें टोंक खिळीपासून 2 सेंटिमीटरवर असेल आणि हाताचा जोर 8 सेंटिमीटरवर पडत असेल, तर टोंकापाशीं जोर चौपट होतो. मूठ आखूड झाली कीं हें गुणोत्तर घटतें. म्हणूनच अगदीं लहान पकडीनें तार वळवितां येते, पण गंजलेला नट सुटत नाहीं. पेचकसाची गोष्टही तशीच. जाड मुठीचा साधा पेचकस बारीक मुठीच्या पेचकसापेक्षां अधिक पीळ देतो. परंतु चाकूचें पेचकसपातें काटकोनांत उघडून धरलें, तर सबंध मूठच तरफेचा दांडा बनते आणि घट्ट बसलेला स्क्रू पहिला हिसका त्यानें सोडतो. तसेंच, स्विस धर्तीच्या चाकूंत डबा उघडण्याच्या पात्याचें चपटें टोंक फुलीच्या मध्यम स्क्रूलाही लागूं पडतें, ही गोष्ट तो वर्षानुवर्षें बाळगणाऱ्या अनेकांस ठाऊक नसते.

आतां अवजार हातांत घेऊन त्याची परीक्षा कशी करावी तें पाहूं. मुंबईंत नागदेवीच्या बाजारांत अवजारांचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथें किंवा अन्यत्र, वस्तु बंद वेष्टनांत घेण्याऐवजीं उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. प्रथम प्रत्येक पातें उघडावें व मिटावें. उघडतांना त्यानें स्पष्ट ठसक्यानें जागा घ्यावी, आणि उघडल्यावर डावीकडे-उजवीकडे हलवूं गेल्यास डुलूं नये. वृद्धांनीं नखाच्या खांचेंत नख घालून तें आपणच उघडून पाहावें. जें उघडतांना नख मोडतें तें अवजार कितीही चांगलें असलें तरी त्यांच्या उपयोगाचें नाहीं. नंतर पकड मिटवून उजेडासमोर धरावी. टोंकें प्रथम जुळावींत आणि एकमेकांवर सरळ बसावींत. पातळ कागदाची पट्टी टोंकांत धरून ओढली तरी ती निसटूं नये. त्यानंतर मूठ जोरानें आवळावी. मुठीच्या कडा तळहातास कापत असतील, तर खऱ्या कामाच्या वेळीं हात जोर लावण्यास कचरेल. कात्रीनें पातळ प्लॅस्टिकची पिशवी कापून पाहावी. कात्री बोथट किंवा सैल असल्यास पिशवी कापली न जातां पात्यांमध्यें दुमडते.

मोठ्या पात्यास खटका आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. खटक्याचें पातें उघडल्यावर पक्कें बसतें आणि कळ दाबल्याशिवाय मिटत नाहीं. साध्या चाकूंत पातें केवळ पाठीच्या कमानीच्या ताणानें उभें असतें. अशा पात्याचें टोंक कशांत खुपसून जोर केला, किंवा पाठीच्या बाजूनें ठोकलें, तर तें उलट फिरून बोटांवर मिटतें. चाकूनें होणाऱ्या घरगुती जखमांचें हें एक नित्याचें कारण आहे. भोंक पाडावयाचें तर टोच्या वापरावा, आणि तोही पुढें दुसरा हात न ठेवतां.

पोलादाविषयीं दुकानदार बरेंच बोलतात. ग्राहकास त्यांतील दोनच गोष्टी समजल्या तरी पुरे. कठीण पोलाद धार अधिक दिवस टिकवितें, पण तें ठिसूळ होतें व धार लावण्यास अधिक कष्ट देतें. मऊ पोलाद वांकतें पण तुटत नाहीं. म्हणून जाणता कारखानदार एकाच अवजारांत निरनिराळ्या कठीणपणाचें पोलाद योजतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंत कापण्याच्या पात्यांचा कठीणपणा रॉकवेल मापावर 56, कात्री व करवत यांचा 53, पेचकस व टोच्या यांचा 52 आणि कमानींचा 49 ठेवलेला असतो. कापणारें तें कठीण, आणि पीळ व ताण सोसणारें तें लवचीक, हा त्यांतील हिशेब आहे. दुसरी गोष्ट गंजाची. लोखंडी विळीवर कैरी किंवा लिंबू चिरलें कीं पातें काळें पडतें, हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. पोलादांत क्रोमियम पुरेसें मिसळलें म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म कवच धरतें आणि गंज रोखला जातो. परंतु ‘न गंजणारें’ याचा अर्थ ‘कधींच न गंजणारें’ असा नव्हे. चेंबूरसारख्या खाडीकांठच्या दमट, खारट हवेंत, घामेजल्या खिशांत राहणाऱ्या अवजाराच्या सांध्यांत पावसाळ्यांत तांबूस डाग दिसूं लागतातच.

नकली मालाविषयीं एक इशारा आवश्यक आहे. प्रसिद्ध नमुन्यांच्या हुबेहुब नकला स्वस्तांत मिळतात. पात्याच्या मुळाशीं कारखान्याचा ठसा स्वच्छ उमटलेला आहे किंवा नाहीं तें पाहावें. पण ठशापेक्षां सांध्यांचा नेटकेपणा अधिक खरें बोलतो. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूंच्या घडणींतील दोषांबद्दल आजन्म हमी देते आणि लेदरमनची हमी 25 वर्षांची असते. तेव्हां पावती घेऊन ती जपून ठेवणें हा खरेदीचाच भाग समजावा.

येथवर काय घ्यावें याचा विचार झाला. परंतु या अवजारानें काय करूं नये, हें त्याहून अधिक महत्त्वाचें आहे. पहिला निषेध विजेचा. आपल्या घरांतील वीज 230 व्होल्ट दाबाची असते, आणि बहुकामी अवजाराची मूठ बहुधा नुसत्या धातूची असते. तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी असली तरी ती शोभेसाठीं व पकडीसाठीं असते. विजेपासून रक्षण करण्यासाठीं नव्हे. विजेच्या कामाच्या पकडीच्या मुठीवरील आवरण 1000 व्होल्टपर्यंतच्या कामासाठीं पारखलेलें असतें आणि तसें चिन्ह तिच्यावर कोरलेलें असतें. पावसाळ्यांत भिंत ओली, फरशी ओली, पाय अनवाणी, अशा स्थितींत खिशांतील चाकूनें बटनाच्या फळीचा स्क्रू काढण्यास बसणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय. मुख्य कळ बंद करावी, आणि तरीही तें काम जाणत्या माणसावर सोंपवावें.

दुसरा निषेध ज्वालाग्राही जागांचा. तेलाच्या व वायूच्या कारखान्यांत पोलादावर पोलाद आपटून उडालेली ठिणगीही घातक ठरूं शकते. तेथें कोणतें अवजार न्यावें याचे कडक नियम असतात. चेंबूर-माहुल भागांत ज्यांचें काम अशा ठिकाणीं चालतें, त्यांनीं खिशांतील अवजार घरीं ठेवून निघावें हें उत्तम. घरांतही स्वयंपाकाच्या वायूच्या टाकीचा नियामक किंवा नळी या अवजारानें उचकटण्याचा मोह कटाक्षानें टाळावा.

याच्या उलट, असाही एक प्रसंग आहे कीं, ज्यांत हाताशीं असलेलें लहानसें अवजार प्राण वांचवूं शकतें. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रुझच्या वेधशाळेंत एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशीं पाण्यांत अडकलेल्या मोटारींत कांहीं माणसें कोंडून मृत्यु पावलीं. पुढें 29 ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टींत चेंबूरपासून जवळच असलेल्या शीव येथें, पाण्यांत बंद पडलेल्या मोटारींत एका तरुण गृहस्थाचा गुदमरून अंत झाला. तेव्हांपासून मोटारींत कांच फोडण्याचें साधन ठेवण्याचा सल्ला पुन्हां पुन्हां दिला जातो. त्यामागील कारण नीट समजून घ्यावें.

दाराची रुंदी एक मीटर आणि बाहेरील पाणी दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर चढलें आहे असें धरलें, आणि आंत पाणी नसलें, तर दारावर बाहेरून पडणारा एकूण भार सुमारें सव्वाशें किलो वजनाइतका होतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर भार दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें पांचशें किलो होतो. बसल्या जागेवरून दाराच्या मोकळ्या कडेवर जोर लावला, तरी त्याच्या निम्मा भार ढकलावा लागतो. सशक्त मनुष्याससुद्धां तें शक्य नाहीं. म्हणून दाराशीं झुंजत बसूं नये. पाणी चढूं लागतांच प्रथम सुरक्षापट्टा सोडावा. तो न सुटल्यास कापावा. विजेवर चालणाऱ्या कांचा कांहीं काळ चालूं शकतात, तेवढ्यांत कांच खालीं घ्यावी. ती न उतरल्यास बाजूची कांच फोडावी, आणि आंतील लहान मुलांस प्रथम बाहेर काढावें.

कांच फोडण्यांतही एक भेद आहे. बाजूच्या कांचा बहुधा तापवून कठीण केलेल्या असतात. कठीण अणकुचीदार टोंकाचा आघात कोपऱ्याजवळ बसला तर त्या कांचेचे क्षणांत बारीक दाणे होतात. मध्यभागीं मुठीनें मारलेला ठोसा मात्र व्यर्थ जातो. समोरची कांच दोन थरांमध्यें चिवट पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते, पण मोकळी होत नाहीं. अलीकडील कांहीं मोटारींत बाजूच्या कांचाही अशाच थरांच्या असतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननें 2019 मध्यें सहा प्रकारचीं कांचफोड साधनें तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं चारांनीं कठीण केलेली कांच फोडली, परंतु थरांची कांच एकानेंही फुटली नाहीं. यास्तव आपल्या मोटारीची कांच कोणती आहे हें तिच्या कोपऱ्यावरील छापांत आधींच वाचून ठेवावें. ज्यास नित्य मोटारीनें जावें लागतें, त्यानें कांच फोडण्याचें टोंक व पट्टा कापण्याचें पातें असलेलें अवजार निवडावें, आणि तें मागच्या डिकींत न ठेवतां बसल्या जागीं हात पोंचेल असें ठेवावें. सामान्य चाकूच्या पात्यानें कांच फुटत नाहीं. तो यत्न करणारा आपलाच हात कापून घेतो.

आतां कायद्याचा विचार. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत तलवार, खंजीर इत्यादि धारदार शस्त्रांची व्याख्या करतांना 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं साधनें त्यांतून वगळलीं आहेत. खिशांतील अवजाराचें पातें बहुधा 4 इंचांहून आंत असतें. तेव्हां तें या व्याख्येंत येत नाहीं. तथापि एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 याच्या कलम 37 अन्वयें सण, निवडणुका किंवा तंग वातावरण अशा वेळीं चाकू, काठ्या व इजा करूं शकणाऱ्या इतर वस्तु बाळगण्यास ठरावीक काळापुरती बंदी घालतां येते. अशा दिवसांत, तसेंच सभा, मिरवणूक, न्यायालय व परीक्षेची जागा येथें, अवजार घरींच असावें. पोलिसानें विचारल्यास तें कशासाठीं आहे हें सरळ सांगावें. ‘संरक्षणासाठीं’ हें उत्तर तोंडांतूनच काय, मनांतूनही काढून टाकावें. ज्या क्षणीं चाकू दुसऱ्यास भिववण्यासाठीं बाळगला, त्या क्षणीं अवजाराचें शस्त्र झालें.

विमानप्रवासांत हें अवजार हातपिशवींत चालत नाहीं. तें मालाच्या कक्षांत जाणाऱ्या पेटींत घालावें. किल्ल्यांच्या जुडग्यांतील लहान चाकू विसरून तपासणीच्या टोपलींत कायमचा सोडून देणारे प्रवासी थोडे नसतात. परदेशीं असलेल्या आप्तांस अशी वस्तु भेट पाठवितांना तेथील कायदाही पाहावा. इंग्लंडांत घडीचा, खटका नसलेला आणि 3 इंचांपर्यंत धारेचा चाकूच कारण न सांगतां बाळगतां येतो. खटक्याच्या पात्यास सबळ कारण द्यावें लागतें. म्हणजे जो खटका चेंबूरच्या घरांत बोटांचें रक्षण करतो, तोच लंडनच्या रस्त्यावर अडचणीचें कारण होतो.

शेवटीं निगेविषयीं चार शब्द. महिन्यांतून एकदां, आणि पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां, सर्व पातीं उघडून कोमट गोड्या पाण्यानें जुन्या दांतांच्या ब्रशानें सांधे साफ करावे, फडक्यानें पुसून वाऱ्यावर पूर्ण कोरडें होऊं द्यावें, आणि प्रत्येक खिळीवर तेलाचा एकच थेंब सोडावा. फळें कापण्याचें पातें असल्यास खाण्यास निर्धोक असें पातळ खनिज तेल घ्यावें; पकडीच्या सांध्यास शिलाईच्या यंत्राचें तेल चालतें. खोबरेल मात्र टाळावें; तें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरतें व थंडींत थिजतें. धार बोथट होऊं देऊं नये. बोथट पात्यास जोर अधिक लागतो, आणि अधिक जोरानें निसटलेलें पातें खोल जातें. निसण्यावर पातें सुमारें वीस अंशांच्या कोनांत धरून दोन्हीं बाजूंस सारखेच हात मारावे. घाईनें चाकावर घांसून घेतल्यास पोलाद तापतें व त्याचा कठीणपणा जातो.

घरांत लहान मुलें असल्यास अवजार लपवून ठेवणें हा उपाय फार दिवस टिकत नाहीं. त्यापेक्षां मूल समजत्या वयाचें झालें कीं वडील माणसानें शेजारीं बसून त्यास तें शिकवावें : पातें अंगापासून दूर नेत कापावें, दुसऱ्याच्या हातीं देतांना मिटूनच द्यावें, चालतांना उघडें धरूं नये, आणि शाळेंत कधींही नेऊं नये. घरांतील स्त्रियांनीही प्रत्येक पातें एकदां स्वतःच्या हातानें उघडून पाहावें. कारण दुपारीं कुकरचा दांडा सैल होतो तेव्हां घरांत बहुधा त्याच असतात. अवजार विकत आणल्यावर पहिल्या रविवारींच घरांतील सर्वांनीं मिळून यादींतील एकेक स्क्रू, बिजागरी व छत्री घ्यावी आणि तें चालवून पाहावें. त्यांत कांहीं उणें आढळल्यास पावती हाताशीं आहे तोंवरच दुकानदाराकडे परत जावें.